साबणाऐवजी गूळ

मुदखेडला रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या गल्लीत सालेहाचं घर आहे. दोन खोल्या, पुढं हातभर अंगण आणि अंगणात धुण्याचा दगड. लग्न होऊन कंधारहून आली तेव्हापासून त्या दगडावर ती नवऱ्याचे कपडे धुते. नवरा, चांदपाशा, रंगारी. लोकांना वाटतं, रंगाऱ्याचे कपडे म्हणजे पिवळे-निळे ठिपके. ठिपके गरीब असतात, जागचे हलत नाहीत. छळते ती पूड. जुना रंग खरवडताना उडते ती, राखाडी-तांबूस, चाळलेल्या पिठासारखी. सदरा दगडावर घेण्याआधी सालेहा तो दारात नेऊन झटकायची. पूड तिच्या ओढणीवर, पापण्यांवर, शेजारी वाळत घातलेल्या सांडग्यांवर बसायची. झटकलं नाही तर साबण दुप्पट लागतो, हा तिचा हिशेब. संसार करणाऱ्या कुठल्याही बाईचा तो असतो.

दुसरा नेम गुळाचा. चांदपाशा कामावरून आला की उंबऱ्यातच त्याच्या हातावर गुळाचा खडा, मग पाणी, मग हातपाय धुणं. हा क्रम सासूनं घालून दिलेला. सासरा सरकीच्या गिरणीत होता. 'गूळ धूल को नीचे उतारता,' असं सासू म्हणायची. नांदेड-लातूरकडं ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. पिठाच्या गिरणीवाला, हळदीची पोती उचलणारा हमाल, विटा भाजणारा, सगळे संध्याकाळी गूळ खातात. दिवसभराची धूळ गळ्याशी बसलेली असते, गूळ तिला खाली घेऊन जातो. खाली म्हणजे पोटात. पोटात गेल्यावर तिचं काय होतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

चांदपाशा ज्याच्याकडं कंत्राटाची कामं करायचा, त्या रविकांत गुत्तेदारालाही हे माहीत होतं. म्हणूनच तो चांगला माणूस म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या कामावर दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना गूळ मिळे. भुसभुशीत, काळा गूळ नव्हे; लातूरच्या अडतीवरून आणलेली पिवळीधमक ढेप. झाडलोट करणाऱ्या पार्वतीबाई परातीत खडे घेऊन फिरायच्या आणि माणसं म्हणायची, "गुत्तेदार असावा तर असा."

त्या साली दिवाळीनंतर चांदपाशाला नांदेडात मोठं काम लागलं. अनंतराव नावाच्या गृहस्थांनी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची लोखंडी शेड विकत घेतली होती आणि तिचं मंगल कार्यालय करायला काढलं होतं. उन्हाळ्यात तिथं पहिलं लग्न लागणार होतं ते त्यांच्याच मुलीचं. शेडचे खांब आणि छपराखालच्या लोखंडी कैच्या दणकट होत्या, पण त्यांच्यावर कुणाकुणाच्या राजवटीतला रंग बसलेला. वर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली निळा आणि तळाला लोखंडाला धरून शेंदरी. बांबूच्या परांचीवर बसायचं, बत्तीच्या जाळानं रंग फुगवायचा, पत्रीनं खरवडायचा, राहिलेला ग्राइंडरनं घासायचा. कोरडाच. खाली पार्वतीबाई झाडत राहायच्या. झाडलेलं अर्धं खाली पडायचं, अर्धं पुन्हा उडायचं.

तोंडाला काय? ज्याचा त्याचा रुमाल. हात धुवायला पाणी? नव्हतं. टँकर यायचा, पण तो नव्या भिंतींसाठी. भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मिळे, कारण पाणी नाही मिळालं तर भिंत तडकते. माणूस तडकला तर बाहेरून दिसत नाही.

माघ सरता सरता चांदपाशाचं पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे, आतून पिळा पडावा तसं. जेवण नको म्हणायचा. तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी चव येते म्हणायचा. मेडिकलवाल्यानं गॅसच्या गोळ्या दिल्या. माणूस शांत होता तो भांड्याच्या आवाजानं खेकसायला लागला. मग एका सकाळी सदऱ्याची गुंडी लागेना.

"अजी, हाथ सीधा करो," सालेहा म्हणाली.

"सीधाच तो है."

"किधर सीधा है? लटक रा ना."

तो पुढं धरलेल्या हाताकडं बघत राहिला. दंड वर होता, कोपर वर होतं, आणि मनगटापासून उजवा पंजा खाली लोंबत होता. त्यानं जोर लावला, कपाळावर शीर उठली. पंजा हलला नाही. ज्या हातानं तो दोरी न लावता भिंतीवर सरळ पट्टा ओढायचा, तो हात.

"तूच लगा दे गुंडी," एवढंच तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

गल्लीनं निदान केलं, लकवा. सालेहाच्या भावानं सांगितलं, कंधारकडं लकव्याचा नामी वैदू आहे. वैदूनं तेल दिलं, चोळायला सांगितलं, थंड वर्ज्य केलं आणि म्हणाला, अंगात ताकद पाहिजे, गूळ सोडू नका. सालेहा नुसत्या खड्यावरून गुळाच्या राबडीवर आली. आणि डाव्या हातात पत्री धरून चांदपाशा पुन्हा कामावर गेला, कारण गुत्तेदारानं निरोप धाडला होता की शेंदरी थर तुमच्याशिवाय कुणाला निघेना. बायकोनं राबडी पाजायची, गुत्तेदारानं गूळ वाटायचा, वैदूनं शाबासकी द्यायची. एवढी माया एखाद्या माणसावर सगळ्यांनी मिळून करावी, आणि तिच्यापायी त्याचं रक्त नासावं.

पोटाच्या कळेनं तो रात्रभर गडबडा लोळला तेव्हा सालेहानं वैदूचं तेल कोनाड्यात सारलं आणि त्याला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं ऋतुजा नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिनं हात बघितला, मग ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती.

"काम काय करता, काका?"

"रंगारी."

"नवा रंग लावता, की जुना काढता?"

चांदपाशानं मान वर केली. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. "सध्या जुनाच काढून राहिलोय."

रक्त बाहेरगावी तपासायला पाठवावं लागलं. अहवाल येईपर्यंत त्याला घरीच ठेवा, असं बाईंनी बजावलं. दोघं परत गेली तेव्हा बाईंनी त्यांना समोर बसवलं. जुन्या रंगात, विशेषतः लोखंडाच्या त्या शेंदरी थरात शिसं असतं; जाळलं की धुरातून, खरवडलं की पुडीतून अंगात जातं. रक्तात भरतं, हाडांत मुरतं, हाताच्या नसा मारतं. हा लकवा नव्हे.

"पर बाई, ये रोज गूळ खाते," सालेहा घाईनं म्हणाली. जणू डॉक्टरणीला सगळी हकीकत कळली नव्हती. "कामावर बी खाते, घरी बी. मी स्वतः देते. धूळ उतरते ना त्यानं."

"हात धुऊन खातात?"

सालेहाला उंबऱ्यातला क्रम आठवला, आधी गूळ, मग पाणी, मग हात.

"गूळ चिकट असतो, चाची. हाताला लागलेली सगळी पूड त्याला चिकटते आणि त्याच्याबरोबर पोटात जाते. गुळानं काही उतरत नाही. उलट..." डॉक्टरीण थांबली. पुढचं वाक्य तिनं गिळलं, पण सालेहाला ते ऐकू आलं.

मग बाईंनी एकेक गोष्ट सांगितली. काम बंद. रंग खरवडायचा तर ओला करून खरवडायचा, जाळायचा नाही. तोंडाला रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क पाहिजे. कामाच्या जागी खायचं नाही, खाण्याआधी हात-तोंड साबणानं धुवायचं. कपडे तिथंच बदलायचे. "आणि तुम्ही ते झटकायचं बंद करा. तुमचंही रक्त बघू." पुढं तिचंही आलं. तिच्याही अंगात शिसं निघालं. कामावर पाऊल न टाकता.

"हात परत येईल?" चांदपाशानं विचारलं.

"पुन्हा धुळीत गेला नाहीत तर बराच येईल. गेलात तर आहे तेवढाही राहणार नाही."

सालेहाला रडू आलं नाही. राग आला. तो कुणावर काढायचा हे ठरवायला तिला परतीची गाडी पुरली. आधी स्वतःवर आला, मग मेलेल्या सासूवर. पण सासू अंगठा लावणारी बाई, तिनं जे ऐकलं ते सांगितलं. रविकांत गुत्तेदार शिकलेला होता. त्याच्या खिशात सगळ्या दुनियेला विचारता येईल असा फोन होता, हाताखाली इंजिनियर होता. त्याला विचारायचं सुचलं नाही, कारण गूळ सोपा पडत होता. पाणी आणायचं तर टँकर वाढवावा लागतो. ओलं काम करायचं तर दिवस जास्त लागतात. गुळाला फक्त परात लागते, वर दुवा मिळतो.

दुसऱ्या दिवशी चांदपाशाला डाव्या हातानं घास घेता यावा म्हणून पोळीचा चुरा करून ठेवला आणि ती नांदेडला शेडवर गेली. सुट्टी झाली होती. माणसं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसली होती, हात कोपरापर्यंत तांबडे. पार्वतीबाईंची परात फिरत होती.

"या भाभी," देगलूरकडचा गुरुपादप्पा म्हणाला. तो तिथला दुसरा रंगारी आणि सगळ्यांत बडबड्या. "उस्तादाचा डबा आणला काय? उस्ताद तर घरी. आमच्या पोटाला बी चालतो हो."

"गूळ खाऊ नका," सालेहा म्हणाली.

"का? भाव वाढला का काय?"

माणसं हसली. तिनं डॉक्टरणीचं सगळं सांगितलं, जसं आठवलं तसं. शिसं म्हटल्यावर गुरुपादप्पानं कपाळाला हात लावला. "शिसं बंदुकीच्या गोळीत असतंय भाभी. आमाला कोण गोळी घालायलंय? दोन पोरींची लग्नं राहिलीत, म्हणावं थांब जरा."

"तुजं पोट दुखत न्हाई का रे?" पार्वतीबाईंनी मधेच विचारलं.

"पोट कुणाचं दुखत न्हाई मावशे? तू भाकरी तशी करतीस."

पुन्हा हशा. पण एकदोघांनी पोटावर हात नेला, हे सालेहानं बघितलं.

तेवढ्यात फाटकाशी पांढरी गाडी थांबली. रविकांत उतरला, मागून अनंतरावांच्या पत्नी सौदामिनीबाई. नाकाला रुमाल, पायांत उंच चपला. त्यांनी आधी मागं वळून गाडीत बसलेल्या नातवाला सांगितलं, "गंधार, अजिबात उतरायचं नाही हं. काच वर कर. किती धूळ आहे बघ!"

काच वर गेली. सालेहानं ती वर जाताना बघितली.

रविकांतनं तिचं बोलणं उभ्या उभ्या ऐकलं. चेहरा दुःखी केला. "भाभी, चांदभाईचं वाईट वाटतंय मला. माझ्या भावासारखा हाय तो. पण लकवा कुणाला बी होतो. कामाचा काय संबंध? मी तर गूळ देतो. नांदेडात दुसरा एक गुत्तेदार दाखवा देणारा."

"गूळ नक्को साहेब. पाणी द्या. साबण द्या. रंग ओला करून काढू द्या."

"ओला करून? म्हणजे लग्न पुढच्या साली लावायचं?" तो सौदामिनीबाईंकडं बघून हसला.

बाईंना वाद नको होता. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, या लोकांना सवय असते. आपल्याला मेलं दोन मिनिटं सहन होत नाही." त्या हे कौतुकानंच म्हणाल्या. त्यांच्या घरी मोलकरणीला उकळत्या पातेल्याला हात लावताना बघूनही त्या असंच कौतुक करत असतील.

भिंतीवर मारायच्या पाण्याचं पिंप होतं, त्यातून सालेहानं पार्वतीबाईंच्या स्टीलच्या तांब्यात पाणी घेतलं. गवंड्याचं रिकामं घमेलं उलटंपालटं करून ओढणीनं पुसलं आणि गुरुपादप्पापुढं ठेवलं.

"हात धू, भाई."

"आता? जेवण झालं की."

"धू म्हणते ना."

तिच्या आवाजात असं काही होतं की त्यानं विनोद केला नाही. तिनं ओतलं, त्यानं चोळलं. पाणी आधी गढूळ झालं, मग वीटकरी, मग दाट. कडेला शेंदरी साय धरली. तिनं ते पाणी घमेल्यातून परत तांब्यात ओतलं आणि तांब्या त्याच्यासमोर धरला.

"आता पी."

"काय, भाभी..."

"पी ना. रोज खातोसच. आज गुळाशिवाय."

गुरुपादप्पानं तांब्यात बघितलं. शेजारच्यानं बघितलं. हसायला कुणी तयार नव्हतं.

सालेहा वळली. "साहेब, तुम्ही घ्या. तुमच्याच कामाचं पाणी आहे." रविकांतनं हात मागं बांधले. ती आणखी एक पाऊल पुढं गेली, तशा सौदामिनीबाई साडी सावरत गाडीकडं सरकल्या. "बाई, तुम्ही लांब का जाऊन राहिल्या? सवय नाही म्हणून? माझ्या माणसाला होती सवय. त्याला आता सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. नाडी मी बांधते त्याची, मी! तुमच्या पोराला काचेच्या आत ठेवता, म्हणजे कळतं तुम्हाला. कळून सवरून आमच्यासाठी सवय, आणि तुमच्यासाठी काच?"

"रविकांत, हे काय चाललंय?" सौदामिनीबाई एवढंच म्हणाल्या.

पार्वतीबाईंनी हातातली परात जमिनीवर ठेवली. सावकाश, आवाज न करता. "साहेब, तुमी गाडीत जेवता. जेवायच्या आधी बाटलीच्या पाण्यानं हात धुता. मी रोज बघून राहिले. आन् तुमी आमचा गूळ एकदा बी तोंडात टाकला न्हाई. मी दिला तवा म्हणला, मला शुगर हाय." त्या थांबल्या. "शुगर हाय का खरंच?"



त्या दुपारी ग्राइंडर सुरू झाला नाही. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी पुढारी आला नाही. माणसं नुसती बसून राहिली. गुरुपादप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवून बसला होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. रविकांतनं दम दिला, मग विनवलं, मग लग्नाची तारीख सांगितली. "तारीख तुमची, पोट आमचं," गुरुपादप्पा म्हणाला.

दुसऱ्या सकाळी पाण्याचं वेगळं पिंप आलं, साबणाच्या वड्या आल्या. रंग ओला करून निघायला लागला. तो नीट निघतो, थोडा उशीर लागतो, एवढंच. मास्क आले ते पातळ, एका घामात विरघळणारे. त्यावरून पुन्हा भांडण झालं, मग जाड आले. इंजिनियर येऊन म्हणाला, हे तर नियमातच आहे. नियमात आहे! नियम होता, पिंप होतं, साबण गल्लीच्या दुकानात होता. फक्त ते सगळं एका जागी यायला एका रंगाऱ्याचा उजवा हात खर्ची पडावा लागला.

घरी मात्र चांदपाशा बायकोशी धड बोलत नव्हता. त्याला सगळं कळलं होतं.

"बाई की जात होके कामपे गई. मेरी नाडी की बात सबके सामने बोली तू?"

"बोली."

"शरम नहीं आई?"

"शरम जिसको आनी उसको नहीं आई. मेरेकू कायकू आना?"

तो भिंतीकडं तोंड करून झोपला. तिनं पाठीला तेल लावलं नाही की समजूत काढली नाही. शेजारणींच्या साड्यांना फॉल-बिडिंग लावायची शिलाई वाढवली, उधारीचं तोंड बंद केलं आणि दवाखान्याची वारी चुकवली नाही. रात्रीच्या कळा थांबल्या. मग एकदा तिला दिसलं, तो अंगणात बसून उजवा हात हवेत धरून बघत होता. पंजा लोंबत होता, पण पूर्वीइतका नाही. बोटं वर यायची, थरथरायची आणि पडायची. ती आत गेली. अशा वेळी नवऱ्याकडं बघू नये, एवढं तिला कळत होतं.

लग्न थाटात झालं. पावसाळा संपता संपता रविकांत मुदखेडला आला. मोटारसायकल लावली, चहा घेतला, हाताची चौकशी केली. लातूरला एका जुन्या शाळेचं काम मिळालं होतं. खिडक्यांचे गज, जिने, लोखंडी दारं, सगळं खरवडून नवं करायचं.

"चांदभाई, तुम्ही पत्रीला हात लावायचा न्हाई. नुसतं उभं राहायचं. पोरांकडून करून घ्यायचं. तुमच्यासारखी नजर कुणाकडं हाय?"

सालेहा शिलाईवरून उठली नाही. मशीनचं पायडल थांबलं तेवढं. चांदपाशानं कप डाव्या हातानं खाली ठेवला. नजरेची तारीफ त्याला गोड लागते हे ती जाणून होती. इतके महिने तो घरात बसून होता. ती मनात म्हणाली, मी नाही म्हटलं तर हा हट्टानं जाईल, आणि गेला तर हात गेला.

"ओला काढणार?" चांदपाशानं विचारलं.

"आता शाळेला सुट्टी दिवाळीपुरतीच असती. बत्तीशिवाय कसं व्हायचं?"

"पाणी, साबण?"

"बघू की तिथं गेल्यावर. ते नांदेडचं वेगळं होतं, तिथं तमाशा झाला." रविकांतनं हळूच मशीनकडं बघितलं. "लेकरांच्या शाळेचं काम हाय, पुण्य लागंल."

"लेकरांच्या वर्गात ती पूड पडणार," चांदपाशा म्हणाला. "झाडून जाती कुठं ती?"

"चांदभाई, तुम्ही बी भाभीसारखं बोलून राहिले."

"इतके दिवस ऐकून राहिलो, मग दुसऱ्या कुणासारखं बोलू?"

मशीनचं पायडल पुन्हा सुरू झालं. रविकांत उठला, किल्ली बोटात फिरवली. "बघा बुवा. तुमी न्हाई म्हणला म्हणून काम थांबत न्हाई. दुसरे मिळतील."

"मिळतील की," चांदपाशा म्हणाला. उजवा हात त्यानं गुडघ्यावरून उचलला, जमेल तेवढा. "लातूरला कुठं उतरवणार त्यांना, तेवढं सांगा. त्यांना बी सांगून येतो."